सोलापुरातल्या आयव्हीएफ सेंटरचा रिव्ह्यू: रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यानंतरचा

पाचपैकी चार स्टार देते. एक का कापला ते खाली सांगते.

ट्रीटमेंट चालू करायच्या आधी मी आपल्या सोलापुरातल्या सगळ्या आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरचे रिव्ह्यू बसून वाचून काढलेले. जवळपास सगळे एकाच ठिकाणी थांबतात. "रिझल्ट आला, मॅडम देवमाणूस आहेत" नाहीतर "पैसे गेले, रिझल्ट नाही". रिझल्ट म्हणजे बीटा एचसीजीचा, गर्भ राहिला का ते सांगणारा रक्ताचा रिपोर्ट, बस. त्याच्या पुढचे आठ महिने, बाईचं बीपी, शुगर, बाळंतपण कितव्या आठवड्यात झालं, बाळाचं वजन किती भरलं, काचेत ठेवावं लागलं का, याबद्दल कुणी चकार शब्द लिहीत नाही. आणि खरा रिझल्ट तर तोच आहे ना, की घरी आई धड आली आणि बाळ धड आलं. माझी मुलगी आता अडीच वर्षांची झाली, म्हणून आता लिहितेय, पॉझिटिव्ह आलं त्या दिवशी लिहिलं असतं तर मीपण तेवढंच लिहून मोकळी झाले असते.

सेंटरचं नाव लिहीत नाही. नाव घेऊन तिथं रांग लावण्यापेक्षा तुम्ही ज्या कुठल्या सेंटरला जाल तिथं काय बघायचं हे कळलं तर जास्त उपयोग होईल असं मला वाटतं.

आमची केस थोडक्यात सांगते. मला पीसीओडी, पाळी कधी दोन महिन्यांनी कधी तीन, यांचा (नवऱ्याचा) शुक्राणूंचा काउंट कमी, लग्नाला बरीच वर्षं झालेली, वय पस्तिशीला आलेलं. यांचं एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे, दिवसभर उष्णतेत उभं राहायचं, त्यात मावा खायची सवय. सेंटरमधल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत यांना समोर बसवून सांगितलं की मावा आणि सिगारेट आजपासून बंद, शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात त्यामुळं आज सोडलं तर फरक तीन महिन्यांनी दिसेल, आणि तपासणी दोघांची होईल. हे ऐकून मला एवढं बरं वाटलं काय सांगू, कारण तोपर्यंत सगळीकडं टेबलावर झोपायचं ते मी आणि हे बाहेर गाडीत बसलेले.

आता मुख्य मुद्दा, दोन भ्रूण सोडायचे की एक.

याच्या आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी (सोलापूरच्या बाहेर) चौकशी केलेली. तिथं पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, "दोन सोडू, तीन पण सोडू शकतो, जोडी झाली तर एकाच खर्चात फॅमिली कम्प्लीट". घरी येऊन हे सांगितल्यावर आत्या (माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याच म्हणते) एकदम खूश, सिद्धेश्वराला नवस बोलून मोकळ्या. सोलापूरच्या मॅडमनी मात्र ऐकून घेतलं, प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि त्यावर पेनानं दोन मोठे गोल काढले. एका गोलात एक टिंब, दुसऱ्यात दोन. पहिल्या गोलाखाली लिहिलं 39 आठवडे, दुसऱ्याखाली 36. म्हणाल्या, "हे बघा, जुळ्यांमध्ये निम्म्याच्या वर बाळं 37 आठवड्यांच्या आत येतात. आयव्हीएफच्या बाळांना जे धोके म्हणून सांगतात ना, लवकर जन्म, कमी वजन, एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू, त्यातला सगळ्यात मोठा वाटा जुळ्यांचा आणि तिळ्यांचा असतो. आईलापण बीपी, शुगर, रक्तस्राव, सिझर, सगळ्याचा धोका वाढतो. एक चांगला पाच दिवसांचा भ्रूण सोडू, बाकीचे फ्रीझ करू, एकदा नाही राहिलं तर परत सोडू." मग आत्यांकडं वळून म्हणाल्या, "मावशी, मला जोडी नको, मला पूर्ण दिवसांचं एक बाळ पाहिजे." तो कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

यावर आमच्या घरात जे महाभारत झालं ते सगळं लिहीत नाही. पण एक मान्य करायला पाहिजे, एक सोडला की एका वेळेला यश यायचे चान्सेस थोडे कमी असतात, हे मॅडमनी स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही. पण एकामागून एक असे दोनदा सोडले तर एकूण गोळाबेरीज दोन एकदम सोडल्याच्या जवळपास जाते आणि जुळ्यांचा धोका जवळपास नाही इतका राहतो. (एकाचे दोन होऊ शकतात, ते क्वचित.) स्वीडनसारख्या देशांनी वीसेक वर्षांपूर्वीच एकच भ्रूण सोडायची पद्धत नियमात घेतली, आणि तिथं जुळ्यांचं प्रमाण खाली आलं तसं लवकर जन्मणाऱ्या बाळांचं पण खाली आलं. आपल्याकडं पैसे खिशातून जातात, परत परत येणं परवडत नाही, त्यामुळं लोकांना जोडी स्वस्त वाटते, ते मी समजू शकते. पण एनआयसीयूचं बिल बघितलं ना, तर स्वस्त वगैरे काही राहत नाही. त्यावर खाली येते.

पहिल्या स्टेजला, इंजेक्शनं देऊन अंडी वाढवतात तेव्हा, माझी अंडी जास्त झाली. पीसीओडीत होतं असं. फॉलिकल्स (अंड्यांच्या पिशव्या) भराभर वाढली, पोट फुगल्यासारखं झालं. अशा वेळी अंडाशय जास्त उत्तेजित होऊन पोटात पाणी धरतं, उलट्या, धाप, रक्त घट्ट होऊन गुठळी होण्यापर्यंत जाऊ शकतं, ओएचएसएस म्हणतात त्याला. मॅडमनी त्या सायकलला ट्रिगरचं, म्हणजे अंडी पिकवायचं शेवटचं इंजेक्शन बदलून दिलं, नेहमीचं एचसीजीचं दिलं नाही, आणि ताजे भ्रूण सोडलेच नाहीत, सगळे फ्रीझ. त्या दिवशी मी रडले, कारण मनाची तयारी झालेली, माहेरून आई येऊन बसलेली. पण नंतर कळलं की नेमकं हेच करायचं असतं, त्या महिन्यात गर्भ राहिला असता तर शरीरात एचसीजी आणखी वाढून दुखणं चिघळलं असतं. तुम्हाला पीसीओडी असेल तर पहिल्या भेटीतच विचारा, अंडी जास्त झाली तर तुमचा प्लॅन काय. उत्तर "बघू तेव्हा" असं आलं तर दुसरीकडं जा.

फ्रीझबद्दल आमच्या गल्लीत काय काय ऐकलं. फ्रीजमधलं बाळ अशक्त होतं, त्याला सारखी सर्दी होते, असलं. तसं काही नसतं ओ. उणे 196 अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये भ्रूण ठेवतात, तिथं वाढ पूर्ण थांबलेली असते. उलट फ्रोझन ट्रान्सफरच्या (फ्रीझ केलेला भ्रूण नंतर सोडतात त्या) बाळांमध्ये कमी वजनाचं प्रमाण ताज्या ट्रान्सफरपेक्षा कमी दिसतं, थोडी मोठ्या वजनाचीच होतात. पण आईच्या बाजूनं एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि फार कमी लोकांना माहीत असते. फ्रोझनमध्ये प्रेग्नन्सीतलं बीपी, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, त्याचा धोका वाढतो, आणि जास्त करून तेव्हा जेव्हा गर्भाशयाचं अस्तर पूर्णपणे गोळ्यांवर तयार करतात. कारण असं की नैसर्गिक महिन्यात अंडं फुटल्यावर अंडाशयात एक पिवळी गाठ तयार होते, कॉर्पस ल्युटियम, ती प्रोजेस्टेरॉनशिवाय रिलॅक्सिनसारखी आणखी द्रव्यं पण सोडते, जी रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतात असं मानतात. गोळ्यांवरच्या सायकलमध्ये अंडं फुटतच नाही म्हणून ती गाठच नसते. म्हणून जिची पाळी नियमित आहे तिच्यात नैसर्गिक सायकलमध्ये ट्रान्सफर केलेला बरा असं आता बरेच डॉक्टर म्हणतात. माझी पाळीच वेळेवर येत नसल्यानं मला आधी लेट्रोझोलच्या गोळ्या देऊन अंडं फुटू दिलं आणि मग ट्रान्सफर केला. त्याला सोनोग्राफीच्या चकरा जास्त लागतात, सेंटरला वेळ जुळवायला अवघड जातं, गोळ्यांवरची सायकल त्यांना सोपी असते कारण तारीख आधीच ठरवता येते. तरी मॅडमनी अवघड रस्ता घेतला, यासाठी एक अख्खा स्टार.

एकदा निगेटिव्ह आलं. त्यावर काही लिहीत नाही, ज्यांना आलंय त्यांना माहीत आहे. पुढच्या वेळी राहिलं.

आणि इथून रिव्ह्यूचा खरा भाग. पॉझिटिव्ह आल्यावर बऱ्याच ठिकाणी फोटो काढतात, पेढे घेतात आणि दहाव्या-बाराव्या आठवड्यात फाइल हातात देऊन "आता तुमच्या गायनॅकला दाखवा". इथं मला हाय रिस्क म्हणून वेगळं कार्ड केलं आणि त्यात काय काय होणार ते तारखांसकट लिहून दिलं. 11 ते 14 आठवड्यात एनटी स्कॅन आणि डबल मार्कर (बाळात गुणसूत्रांच्या दोषाचा धोका बघायला), त्याच वेळी बीपीच्या धोक्याचा अंदाज, रात्री झोपताना कमी डोसची ॲस्पिरिन चालू (हे प्रत्येकीला नसतं, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका), 18 ते 20 आठवड्यात ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाच्या अवयवांत दोष आहे का ते बघायची सोनोग्राफी, त्यात वार (प्लॅसेंटा) कुठं आहे ते नीट बघायचं कारण आयव्हीएफमध्ये वार खाली असायचं प्रमाण जास्त, मग बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी, 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर, ही तर पहिल्याच भेटीत आणि परत 24 ते 28 आठवड्यात. ड्यू डेट पण पाळीच्या हिशोबानं धरली नाही, पाच दिवसांचा भ्रूण सोडलेल्या तारखेत 261 दिवस मिळवून काढली. माझ्यासारख्या दोन-तीन महिन्यांनी पाळी येणाऱ्या बाईची तारीख पाळीवरून काढली तर चुकणारच, आणि तारीख चुकली की बाळ लवकर आलं का वेळेवर हेच कळत नाही.

घरी बीपीचं मशीन घ्यायला लावलं. दंडाला गुंडाळायचं, मनगटाचं नको म्हणाले. रोज सकाळी उठल्यावर पाच मिनिटं शांत बसून मग मोजायचं आणि वहीत लिहायचं. माझी वही म्हणजे यांच्या युनिटमधली सुताच्या हिशोबाची वही, अर्धीत सुताचे भाव आणि अर्धीत माझं बीपी. 140 / 90 दिसलं की तासाभरानं परत मोजायचं, परत तेवढंच आलं तर फोन, आणि डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, पोटात वरच्या बाजूला दुखलं तर फोनची पण वाट बघायची नाही, थेट यायचं. चौतिसाव्या आठवड्यात एका सकाळी 146 / 94 आलं. पायाला सूज होतीच, ती सगळ्यांना असते म्हणून आत्या म्हणत होत्या की मीठ कमी कर, होईल बरोबर. वही होती म्हणून फोन केला. लघवीत प्रोटीन निघालं. ॲडमिट, गोळ्या, रोज रक्त, बाळाचा रक्तप्रवाह बघायला डॉप्लर, आणि छत्तिसावा पूर्ण झाल्यावर बीपी ऐकेना म्हणून सिझर. मुलगी 2 किलो 250 ग्रॅम. श्वास जोरात चालायला लागला म्हणून थोडे दिवस एनआयसीयू, मग कावीळ म्हणून निळ्या लाइटखाली. मग मांडीवर, म्हणजे छातीवर, कांगारू केअर. सिस्टरनी माझ्या गाऊनची वरची बटणं सोडायला लावून तिला उघड्या अंगानं छातीवर ठेवलं, वरून चादर टाकली आणि म्हणाली, "आता हलू नका वहिनी, तिला तुमची ऊब लागू दे." तिचे हात माझ्या करंगळीएवढे पण नव्हते.

शेजारच्या पाळण्यांत एक जोडी होती. दुसऱ्या एका सेंटरमधली ट्रीटमेंट, 31 आठवड्यांची, एक तेराशे ग्रॅम, एक अकराशे. त्यांची आई सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीतली, विडी वळणारी, मराठी अडखळत बोलायची, नवऱ्याचे दोन यंत्रमाग. जन्माच्या आधी स्टिरॉइडची इंजेक्शनं मिळाली होती म्हणून फुफ्फुसं तरली असं डॉक्टर म्हणाले. माझी मुलगी घरी गेली तरी ती दोघं तिथंच. 2 किलोच्या आतल्या किंवा 34 आठवड्यांच्या आधीच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आत तपासायला लागतो, आरओपी म्हणतात, वेळेत नाही बघितलं तर कायमची नजर जाऊ शकते. लहान्याला लेझर करावं लागलं. दोन्ही पोरं आज चांगली आहेत, मोठा तर फार खोडकर, पण एक माग विकला त्यांनी. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, दोन सोडताना आम्हाला फक्त जोडी होईल असं सांगितलं, काचेत राहतील असं कुणी बोललं नाही. सांगितल्यावर पण तिनं कदाचित दोनच घेतले असते. पण ते तिनं ठरवायला पाहिजे होतं ना, सगळं माहीत असून.

भाषेचं म्हणून सांगते. आमच्या सेंटरला एक सिस्टर तेलुगूत सगळं समजावून सांगते, एक मावशी कन्नड बोलते. अक्कलकोट, इंडीकडच्या बायका येतात, त्यांना इंजेक्शन कधी कुठं घ्यायचं ते त्यांच्या भाषेत कळतं. सोलापुरात याच्याशिवाय चालतच नाही, पण सगळीकडं असतं असं पण नाही. संमतीपत्रावर सही घेण्याआधी ते वाचून दाखवतात.

आता लोक मला सगळ्यात जास्त काय विचारतात तर मूल नॉर्मल असतं का. मलापण तीच भीती होती, रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसायची. मॅडमना विचारलं तर त्यांनी गोड बोलून टाळलं नाही, आकडे सांगितले. साउथ ऑस्ट्रेलियातल्या 3 लाखांवर जन्मांचा एक मोठा अभ्यास 2012 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. त्यात उपचारांनी झालेल्या बाळांमध्ये जन्मजात दोष 8.3 टक्के, आपोआप राहिलेल्यांमध्ये 5.8 टक्के. फरक आहे. पण आईचं वय, आजार वगैरे हिशोबात धरल्यावर साध्या आयव्हीएफचा फरक जवळपास गेला, इक्सीचा (एक शुक्राणू सुईनं थेट अंड्यात सोडतात त्याचा) राहिला. आणि त्याच अभ्यासात अजून एक निघालं, ज्या जोडप्यांना मूल राहायला अडचण होती पण शेवटी उपचाराशिवाय राहिलं, त्यांच्यातपण प्रमाण जास्तच होतं. म्हणजे सगळा दोष लॅबचा नाही, जी अडचण घेऊन आपण तिथं जातो तिचापण वाटा आहे. मला यातून एवढंच कळलं की शंभरातली नव्वदच्या वर बाळं ठणठणीत असतात, आणि ॲनॉमली स्कॅन चांगल्या माणसाकडून करून घ्यायचा. आणि इक्सी गरज असेल तरच करायचं, आमच्यासारखा काउंट कमी असेल तर ठीक, काउंट नॉर्मल असताना सरसकट इक्सी लावत असतील तर का ते विचारा.

बेकविथ-वीडेमानसारखे काही जनुकांच्या छापाचे (कुठलं जनुक चालू, कुठलं बंद या खुणा बिघडून होणारे) आजार आयव्हीएफच्या मुलांमध्ये जरा जास्त दिसतात, पण ते मुळातच इतके दुर्मिळ की जास्त म्हणजेसुद्धा फार थोडे. बुद्धी, बोलणं, शाळा यात एकट्या जन्मलेल्या, पूर्ण दिवसांच्या आयव्हीएफ मुलांमध्ये आणि बाकीच्यांत फारसा फरक आढळत नाही. फार लवकर जन्मलेल्यांचं वेगळं, मग ते कसंही राहिलेलं असो.

आत्यांना मी वेगळ्या तऱ्हेनं पटवलं. म्हटलं आत्या, जगातली पहिली अशी मुलगी लुईस ब्राऊन, 1978 ची, तिला स्वतःला पोरं झाली कुठल्या उपचाराशिवाय. त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी दुर्गा जन्माला घातली, त्यांना कुणी मानलं नाही आणि त्या माणसानं 1981 मध्ये जीव दिला, आज सगळे मानतात. आणि आपल्या मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून 6 ऑगस्ट 1986 ला हर्षा जन्मली, ती पण आता आई आहे. आत्या म्हणाल्या, "मग एवढी वर्षं झाली तर अजून लोक लपवतात कशाला?" यावर मी काय बोलणार.

लपवण्यावरून आठवलं. बालरोगतज्ज्ञांपासून आयव्हीएफ लपवू नका. आमच्या ओळखीतल्या एकींनी सासरी कळू नये म्हणून फाइलमधली पानं काढून ठेवलेली, बाळाच्या डॉक्टरांना पण सांगितलं नाही. कशासाठी? कितव्या आठवड्यात जन्म, वजन, काचेत किती, औषधं कोणती, हे त्यांना माहीत पाहिजे. आमच्या मुलीचं बसणं, रांगणं, बोलणं सगळं दुरुस्त वयानं मोजलं, म्हणजे जन्मतारखेवरून नाही, ड्यू डेटवरून, दोन वर्षांची होईपर्यंत. कानाची तपासणी एनआयसीयूतून निघायच्या आधीच झाली. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणंच. आता ती पायऱ्या चढते, कडक भाकरीचा तुकडा हातात घेऊन तासभर कुरतडत बसते, शेंगा चटणी मागते.

आता कापलेला स्टार.

एक, आईकडं नंतर कुणी बघत नाही. बाळ झालं की सगळे बाळाभोवती, सेंटरवाले पण. बीपीच्या गोळ्या मला बाळंतपणानंतर काही आठवडे चालू होत्या, बाळंत झाल्यावर सहा आठवड्यांपर्यंतसुद्धा बीपी उसळी घेऊ शकतं, पण घरी जाताना हे मला सेंटरनं सांगितलं नाही, डिलिव्हरीच्या हॉस्पिटलमधल्या ज्युनिअर डॉक्टरनं सांगितलं. ज्या बाईला प्रेग्नन्सीत बीपी झालं तिला पुढच्या आयुष्यात बीपी आणि हृदयाचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते, दरवर्षी तपासायला पाहिजे, हे कार्डावर लिहायला काय हरकत होती? आणि मन. एवढ्या वर्षांनी बाळ आलं आणि मला रडू थांबत नव्हतं, झोप नाही, दूध कमी, आणि सगळे म्हणणार, आता काय रडतेस, देवानं दिलं की एवढं. ज्यांना वर्षानुवर्षं वाट बघून मूल होतं त्यांना तर मी थकलेय असं म्हणायची पण सोय नसते. सेंटरला काउन्सेलर आहे पण आठवड्यातून ठरावीक दिवशी, आणि ती ट्रीटमेंटच्या आधीचं बोलते. बाळंतपणानंतर महिन्याभरानं एक फोन आला पाहिजे सेंटरकडून, "तुम्ही कशा आहात". बाळाचा फोटो मागायला फोन आला होता, भिंतीवर लावायला.

दुसरं, पुढचा हिशोब ठेवत नाहीत. किती जणींना राहिलं ते बोर्डावर टक्केवारीत लिहिलंय. किती जणींची पूर्ण दिवसांची, एकच, चांगल्या वजनाची बाळं घरी गेली ते नाही. मी मॅडमना हे तोंडावर बोलले. त्या म्हणाल्या बायका डिलिव्हरीला माहेरी जातात, बार्शी, लातूर, विजापूर, परत फोन उचलत नाहीत. खरं असेल, पण विचारायची पद्धत तर पाडा.

तिसरं, बिल. दीड लाखाच्या पुढं गेलं आणि इंजेक्शनं त्यात धरलेली नव्हती, ती आधी सांगितलेल्या आकड्याच्या वर. रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट मात्र दारातच लावलंय, 2021 च्या एआरटी कायद्याप्रमाणं (असल्या उपचारांच्या सेंटरसाठीचा कायदा) लेव्हल दोनचं, म्हणजे आयव्हीएफ करायची परवानगी असलेलं. ते नसेल तिथं पाऊल टाकू नका. मुलगा-मुलगी निवडायची भाषा कुणी केली तर तो गुन्हा आहे, तिथून उठून या.

एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये भ्रूण तयार करणारा, आमच्या सेंटरला कायमचा आहे. छोट्या शहरांत काही ठिकाणी तो बाहेरून येतो आणि दहा-बारा बायकांचं एकाच आठवड्यात उरकतात, त्यासाठी सगळ्यांच्या पाळीच्या तारखा गोळ्यांनी पुढं-मागं करतात. विचारून घ्या.

कॅन्सरचं पण विचारतात बायका, एवढी हार्मोनची इंजेक्शनं घेतल्यावर काय. नेदरलँड्समध्ये 25 हजारांवर बायकांवर साधारण 20 वर्षं नजर ठेवली, त्यात आयव्हीएफमुळं स्तनाचा कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही, 2016 साली ते छापून आलं. मला तेवढं पुरे आहे.

आमचे अजून भ्रूण तिथं ठेवलेले आहेत, वर्षाची फी भरतो. दुसरं घ्यायचं का यावर घरात बोलणं चालू आहे. मॅडम म्हणाल्या सिझरची शिवण आणि तुमचं बीपी बघता दीड-दोन वर्षांचं अंतर पाहिजे होतं, ते झालंय, आता आधी वजन आणि शुगर आणा, मग बघू. घाई केली नाही, हे पण चांगलं.

जायचं असेल तर सोमवार टाळा, खेड्यापाड्यातनं सगळे सोमवारीच येतात, दुपारपर्यंत नंबर लागत नाही आणि बसायला खुर्च्या पुरत नाहीत. अमावस्येला जा, रिकामं असतं. जुन्या सोनोग्राफ्या, यांचे काउंटचे रिपोर्ट, आधी कुठं काही केलं असेल तर किती भ्रूण सोडले तो कागद, सगळं तारखेप्रमाणं लावून न्या. आणि नवऱ्याला आत घेऊन जा, सह्या त्याच्या पण लागतात.